धोकटीतील पथरी व पट्टा : धार लावण्याच्या विद्येचा अल्प इतिहास आणि नवशिक्यांसाठी दोन शब्द

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला. समाजातील थोर विभूतींची चरित्रे मागील अंकांतून येऊन गेली आहेत. संत सेना महाराजांची भक्ती, 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महालांनी दाखविलेले प्रसंगावधान, 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवा काशीदांनी केलेले आत्मबलिदान, यांचा उच्चार आपल्या प्रत्येक सभेत होतो व तो व्हावयासच हवा. परंतु ज्या दोन क्षुद्र वस्तूंनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्यांचे नाव कोणी घेत नाही. त्या वस्तू म्हणजे धोकटीतील पथरी आणि चामड्याचा पट्टा. सदर लेखात त्यांचाच अल्प इतिहास मांडण्याचा व त्याच ओघात आपल्या तरुण मंडळींस उपयोगी पडेल असे काही सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय आम्हांस एका प्रसंगाने सुचला. आमच्या थोरल्या पुतण्याच्या मुलाने गेल्या वर्षी उमरीस केशकर्तनालय उघडले. खुर्च्या, आरसे, विजेवर चालणारी यंत्रे व कात्र्या, सर्व काही कर्ज काढून आणले. दोन महिन्यांत कात्र्यांची धार गेली. केस कापले न जाता मुडपू लागले. त्याने त्या कात्र्या बाजूस टाकून नव्या घेतल्या. त्याही गेल्या. तेव्हा धार लावण्याचे सामान मागवावे म्हणून तो चौकशी करू लागला, तर हजारो रुपयांच्या किमती पाहून त्याचे डोळे फिरले. शेवटी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा, पणजोबांच्या काळी हे सगळं कसं करत होते? त्यांच्याकडे तर एवढा पैसा नव्हता." या प्रश्नास आम्हांस उत्तर देता आले नाही. वारकाच्या घरी जन्मलेला, तीन तपे शाळेत धडे शिकविलेला मनुष्य निरुत्तर झाला. का झाला, ते शेवटी सांगू. प्रथम इतिहासाकडे वळू.

वस्तऱ्यास संस्कृतात 'क्षुर' म्हणतात. त्यावरून 'क्षौर' हा शब्द आला. ऋग्वेदातही तीक्ष्ण केलेल्या क्षुराची उपमा आढळते. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या दुर्गम वाटेची तुलना क्षुराच्या तीक्ष्ण धारेशी केली आहे. भगवान बुद्धांचे शिष्य उपाली हे मूळचे न्हावी होते. राजगृह येथील पहिल्या संगीतीत विनयाचे नियम त्यांनी म्हणून दाखविले, असे बौद्ध परंपरा सांगते. संत सेना महाराजांनी तर आपल्या धोकटीतील आरशास विवेकाची व चिमट्यास वैराग्याची उपमा देऊन आपला धंदाच परमार्थाच्या पायरीस नेऊन ठेवला. त्यांचे एक पद गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहे, आणि त्या ग्रंथास गुरूचे स्थान 1708 साली गुरू गोविंदसिंहांनी दिले ते आपल्या नांदेड नगरीत. तेव्हा आपल्या हत्यारांकडे पाहून लाजण्यासारखे काहीही नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आता खेड्यातील जुनी रीत पाहू. आपल्या मराठवाड्यात न्हाव्यास वारीक म्हणत. तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावांतून मंगली हा शब्दही ऐकू येई. बारा बलुतेदारांत त्याची गणना होती, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जे धान्य पदरात पडे त्यावर त्याचे वर्ष निघे. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, चिमटा, फणी, आरसा, पाण्याची वाटी, पथरी आणि पट्टा एवढा संसार असे. वस्तरा गावच्या लोहाराने घडविलेला, आखूड व रुंद पात्याचा. पट्टा चांभाराने कमावलेल्या कातड्याचा. तो कातडी तुकडा ज्या फळीवर ताणून बसवीत ती सुताराने रंधून दिलेली. पथरी नदीच्या पात्रातून किंवा खाणीतून निवडून आणलेली, बारीक कणांची, व वर्षानुवर्षांच्या घासण्याने गुळगुळीत झालेली. म्हणजे एका धारेमागे चार बलुतेदारांचे हात असत. यांपैकी कोणतीही वस्तू महाग नव्हती. महाग होता तो केवळ हात. आणि तो बसण्यास दोनतीन वर्षे लागत.

धार लावण्याच्या दगडांत कुरुंदाचे स्थान मोठे आहे. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा हा खनिज पदार्थ होय. इंग्रजीत त्यास 'कोरंडम' म्हणतात आणि हा शब्द आपल्या दक्षिणेतील भाषांतूनच तिकडे गेला आहे. कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून धार लावण्याची चाके करण्याची कला आपल्या देशात जुनी आहे. तलवारी व कट्यारी घडविणारे आणि त्यांस धार देणारे शिकलीगर हे काम करीत. त्यांपैकी अनेक शीख कुटुंबे आजही नांदेडात आहेत. मात्र वस्तऱ्यास फिरते चाक मानवत नाही. चाकाच्या वेगाने पातळ धार तापते, आणि तापली की तिचे पाणी उतरते. म्हणून शिकलीगराचे चाक तलवारीस व सुरीस, आणि वारकाची पथरी वस्तऱ्यास, असा भेद पूर्वीपासून पडला.

धार दगडावर लावावयाची असली तरी ती टिकावयाची पोलादात. या बाबतीत आपला प्रदेश किती भाग्यवान होता, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. उमरीस आगगाडीत बसावे, धर्माबाद मागे टाकावे, बासरजवळ गोदावरी ओलांडावी, की निजामाबाद येते. त्या जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे व निर्मळच्या परिसरात मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून उत्तम पोलाद तयार करीत. तेलुगूत पोलादास 'उक्कू' म्हणतात. कानडीतही तोच शब्द आहे. त्याचेच रूप बदलून युरोपात 'वुट्झ' हे नाव रूढ झाले. हे पोलाद खरेदी करण्यासाठी इराणातील व्यापारी कोनसमुद्रमला येत, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले आहे.

या पोलादाची कीर्ती लंडनपर्यंत पोहोचली. विजेच्या शोधांसाठी विख्यात झालेले मायकेल फॅरडे यांनी आपल्या उमेदीच्या काळात, 1820 च्या सुमारास, जेम्स स्टोडार्ट या शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणाऱ्या कारागिरासमवेत वुट्झवर प्रयोग केले. तसे पोलाद बनविण्याच्या खटपटीत त्यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले, आणि त्यांतील एका मिश्रणाचे वस्तरे करवून फॅरडे ते आपल्या स्नेह्यांस भेट देत असत. केवढे हे नवल ! गोदावरीकाठच्या पोलादाचे रहस्य शोधावयास निघालेला एवढा थोर शास्त्रज्ञ शेवटी वस्तऱ्यापाशीच येऊन पोहोचला.

पुढे काळ फिरला. इंग्लंडातील शेफील्ड व जर्मनीतील सोलिंगेन ही गावे वस्तऱ्यांसाठी जगभर प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग आपल्या भागातून गेला आणि परदेशी माल खेड्यांच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचला. आमच्या आजोबांपाशी सोलिंगेनचा एक वस्तरा होता. तो त्यांनी हैदराबादेहून हाली शिक्क्याचे रुपये मोजून आणला होता, व त्यासाठी घरातील एक शेळी विकली होती, असे आमच्या आजी सांगत. वस्तरा परदेशी आला तरी पथरी व पट्टा मात्र गावचाच राहिला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खर्च करावयाचा तो पात्यावर. धारेस लागते ती सवय.

दगडाच्या इतिहासात मोठा पालट 1891 साली अमेरिकेत झाला. एडवर्ड अॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत वाळू व कोळसा यांपासून एक अतिकठीण पदार्थ तयार केला व त्यास 'कार्बोरंडम' हे नाव दिले. आता दगड खाणीतून निवडण्याचे कारण उरले नाही; हवा तेवढा खरबरीत किंवा हवा तेवढा बारीक दगड कारखान्यात तयार होऊ लागला. आपल्या देशातही हा उद्योग लवकर आला. 1941 साली मुंबईजवळ उरणच्या मोरा बंदरी ग्राइंडवेल हा कारखाना निघाला, आणि 1954 साली मद्रासेस कार्बोरंडम युनिव्हर्सल या कंपनीची स्थापना झाली. आज तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात दोन बाजूंचा, एक बाजू जाडी व एक बारीक, असा जो काळा-करडा दगड मिळतो, तो याच शोधाचा वंशज होय.

तथापि याच सुमारास पथरीच्या मुळावर येणारी वस्तूही जन्मास आली. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांनी 1903 पासून पातळ पात्याचे, वापरून टाकून द्यावयाचे ब्लेड विकण्यास आरंभ केला. आपल्या खेड्यांत त्याचा प्रसार व्हावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली. 1986 साली भारतात एड्सच्या विषाणूची बाधा झालेले पहिले रुग्ण आढळले, आणि त्यानंतरच्या दशकात एकाचा वस्तरा दुसऱ्यास लावू नये, ही शिकवण सर्वत्र पोहोचली. रक्ताचा एखादा अदृश्य थेंबही रोग नेऊ शकतो, आणि चामड्याचा पट्टा उकळता येत नाही की निर्जंतुक करता येत नाही. त्यामुळे आपल्या बंधूंनी दर गिऱ्हाइकास नवे अर्धे ब्लेड घालावयाचा वस्तरा स्वीकारला. हे योग्यच झाले, व यात मागे फिरण्याचा प्रश्नच नाही. 2020 साली महामारीच्या टाळेबंदीत आपली दुकाने तीन महिने बंद राहिली. 28 जूनपासून केस कापण्यास परवानगी मिळाली, परंतु दाढीस तेव्हाही नव्हती. त्या दिवसांत आपल्या समाजाने जे सोसले ते प्रत्येक घरास ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचा जीव आपल्या हाती असतो, हेही त्या वर्षाने पुन्हा शिकविले.

येथे इतिहासातील आणखी एका घटनेचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधव एकत्र जमले आणि विधवा स्त्रियांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. त्यायोगे मिळणारे उत्पन्न बुडेल, हे त्यांस कळत नव्हते असे नाही. हातावर पोट असलेल्या माणसांनी ते उत्पन्न लाथाडले. धार लावणे ही विद्या खरी. परंतु ती धार कोठे चालवावयाची नाही हे ठरविणे ही त्याहून मोठी विद्या होय. आमच्या मते आपल्या ज्ञातीच्या इतिहासात हे पान सोन्याचे आहे.

असो. आता कोणी विचारील की, ब्लेडच्या युगात पथरी-पट्ट्याचे प्रयोजन काय ? प्रयोजन आहे. गिऱ्हाइकाच्या दाढीसाठी ती नकोत. परंतु स्वतःच्या दाढीचा वस्तरा, घरची सुरी व विळी, शेतातील खुरपे, एवढ्यांस धार लागतेच. आणि ज्यास सुरीची धार लावता येते त्यासच पुढे कात्रीची नाडी कळते. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत जे 18 व्यवसाय घेतले त्यांत आपला व्यवसायही आहे, आणि प्रशिक्षणासोबत हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद त्यात करण्यात आली. एवढी रक्कम हाती आली असता ती कशावर खर्चावी, हे कळावयास हवे. म्हणून नवशिक्यांसाठी पुढील चार गोष्टी लिहितो. त्या आमच्या पदरच्या नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या चुलत्यांपाशी बसून त्या आम्ही व आमच्या नातवाने मिळून शिकून घेतल्या आहेत. दगडांचे आकडे व काही तांत्रिक तपशील तेवढे आम्ही नव्याने जोडले.

प्रथम धार का जाते ते समजून घ्यावे. केस मऊ, पोलाद त्याहून कितीतरी कठीण. तरी केसाने पोलाद बोथट होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी 2020 साली सूक्ष्मदर्शकाखाली हे तपासले. केस वाकून तिरका धारेवर आला आणि त्या जागी पोलादाची घडण सारखी नसली, तर धारेचा सूक्ष्म कण उडतो, असे त्यांस आढळले. दाढी चांगली भिजवल्याशिवाय वस्तरा लावू नये, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता. भिजलेला केस नरम होतो व धारेवरचा ताण कमी होतो. अनुभवाने त्यांनी जे जाणले, ते शास्त्राशी विसंगत नाही.

आता दगड. नवशिक्याने आरंभी एकच दोन बाजूंचा दगड घ्यावा. कार्बोरंडमचा साधा दगड काही शे रुपयांत मिळतो, व विळी, खुरपे, सुरी यांस तो पुरेसा आहे. दगडावर आकडा लिहिलेला असतो. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. 400 च्या आसपासची बाजू मोडलेली धार उभी करते, 1000 ची बाजू तिला सारखी करते. वस्तऱ्यास मात्र याहून पुष्कळ बारीक, 8000 च्या जवळपासचा दगड लागतो. तो महाग असतो, म्हणून हात बसल्याशिवाय घेऊ नये. निरनिराळ्या देशांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. ज्यास दगडाचाही खर्च झेपत नाही त्याने जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवावा; थोड्या रुपयांत उत्तम सपाट दगडाचे काम होते. मात्र त्यावर पाते नेहमी धार मागे ठेवूनच ओढावे. धार पुढे ठेवली तर कागद फाटतो.

दगडावर पाणी वापरावयाचे की तेल, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट चालत नाही. दगड मध्ये खोलगट झाला की धार वाकडी लागते; तेव्हा त्याच काचेवरील ओल्या पॉलिश पेपरावर तो घासून पुन्हा सपाट करावा. खोलगट पथरी आणि खोटी तराजू, दोन्ही सारखीच, असे आमचे चुलते म्हणतात.

तिसरी गोष्ट कोनाची. सुरी दगडावर किती कलती धरावी ? वहीच्या कागदाचा काटकोन कोपरा एकदा दुमडला की 45 अंश होतात, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्याहून किंचित कमी, म्हणजे 15 ते 20 अंश, हा सुरीचा कोन. पात्याच्या कडेस शाईची रेघ ओढावी व दोन हात घासून पाहावे. शाई जेथे पुसली गेली तेथे दगड लागतो आहे, जेथे राहिली तेथे नाही. भूमितीच्या तासाला ही युक्ती आम्हांस ठाऊक असती, तर मुलांनी कोन कधी विसरले नसते ! वस्तऱ्यास ही चिंता नाही. तो आडवा सपाट ठेवावा, पाठ व धार दोन्ही दगडास टेकवाव्यात, म्हणजे कोन आपोआप साधतो. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस काठावर बारीक तार उलटलेली बोटास लागते. ती संपूर्ण लांबीभर लागली की बाजू पालटावी. बोट धारेवरून लांबीने कधीही फिरवू नये. पाठीकडून धारेकडे, आडवे व हलकेच न्यावे.

शेवटी पट्टा. दगड पोलाद खरवडतो. पट्टा राहिलेली तार काढून धार सरळ करतो व तिला चकाकी देतो. नवशिक्याने महाग पट्टा मुळीच घेऊ नये, कारण पहिले दोन पट्टे तो हमखास कापणार. जुन्या चांगल्या कातडी कमरपट्ट्याचा, छाप व शिवण नसलेला हातभर तुकडा घ्यावा व सपाट फळीवर चिकटवावा. रेक्झिन चालत नाही. धातू चकाकविण्याची हिरवी वडी बाजारात मिळते, ती त्यावर हलकी फिरवावी. दगडावर वस्तऱ्याची धार पुढे ठेवून हात चालतो. पट्ट्यावर नेमके उलट, पाठ पुढे व धार मागे. टोकास पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटवावे, धारेवर नव्हे. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. वीस ते तीस हात पुरे. धार पाहावयाची तर कागदाचा कपटा कापून पाहावा. हातावरचे केस उडवून दाखविण्याचा मोह तरुणांनी टाळावा.

कात्रीविषयी एक इशारा. कात्रीचे आतले अंग जरा खोलगट असते व दोन पाती एकमेकांस केवळ धारेवरच भेटतात. ते आतले अंग दगडावर तिरके घासले की कात्री कायमची गेली. म्हणून साध्या कात्रीच्या बाहेरील उतारावरच बारीक दगडाचे हलके हात द्यावेत, व आत उलटलेली तार अंग अगदी सपाट टेकवून एका हाताने काढावी. गोलसर उतार असलेल्या महागड्या कात्र्या जाणत्या कारागिराकडेच द्याव्यात. मळसूत्र सैल झाले तरी केस मुडपतात. धार गेली असे समजण्यापूर्वी मळसूत्र पाहावे. आमच्या नातवाने फेकलेल्या कात्र्यांपैकी एकीचे केवळ मळसूत्रच सैल होते, हे नंतर उघडकीस आले. तीस धार लावण्याची गरजच नव्हती.

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट. आम्ही मॅट्रिक झालो, पुढे शिक्षकाची नोकरी लागली. नोकरीच्या गावी आमच्या वडिलांची तीनचार जुनी घरे होती. पंधरा दिवसांनी ते येत व शाळेसमोरील लिंबाखाली धोकटी उघडून बसत. एके दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी त्यांस पाहिले, एक सहकारी आमच्याकडे पाहून हसले. त्या रात्री आम्ही वडिलांस म्हणालो, "दादा, तुम्ही त्या गावाला येऊ नका." ते काही बोलले नाहीत. पुन्हा ते त्या गावी आले नाहीत. ती घरे सुटली. म्हातारपणी एकदा त्यांनी पथरी पुढे ठेवून म्हटले, "एकदा हात बसवून घे. कामाला नको, ध्यानात तरी राहील." आम्ही म्हणालो, "आम्हांला पेन्शनची नोकरी आहे." ते वारल्यावर धोकटी फडताळात गेली. नातवाने विचारले तेव्हा आम्हांस उत्तर का देता आले नाही, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते उत्तर चाळीस वर्षे आमच्याच फडताळात होते.

धोकटी उघडली तेव्हा चामड्याचा पट्टा कसरीने खाल्लेला होता, सोलिंगेनच्या वस्तऱ्यास गंज चढला होता. पथरी मात्र जशीच्या तशी होती, आणि तिच्या मधोमध दोन पिढ्यांच्या हातांनी पडलेला खोलगा होता. चुलते म्हणाले, ही घासून सपाट करावी लागेल, तरच कामास येईल. आमचे मन धजेना. तेव्हा नातूच म्हणाला, "आजोबा, सपाट करू या. त्यांनी ती जपून ठेवायला नाही, चालवायला ठेवली होती." दीड तास घासून आम्ही ती सपाट केली. हातावर जो करडा राळा आला, तो धुवावासा वाटेना.

शिक्षणाने आपला समाज पुढे गेला, याचा आम्हांस अभिमान आहे; आपल्या मुलामुलींनी डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी व्हावे. परंतु पुढे जाणे म्हणजे मागच्यांची लाज बाळगणे नव्हे, हा धडा आम्ही शिकविला पुष्कळदा, शिकलो मात्र निवृत्तीनंतर. येत्या श्रावण वद्य द्वादशीस, संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीस, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरची जुनी धोकटी बाहेर काढावी, आणि घरात जो कोणी वडीलधारा जाणता असेल त्याच्यापाशी बसून एका तरुणाने, व हो, एका तरुणीनेही, एक सुरी पाजळून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे. जाणते हात आता फार थोडे उरले आहेत. पथरी वाट पाहू शकते. हात पाहू शकत नाहीत.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास ज्ञातिबांधवांनी उदार मनाने क्षमा करावी.